आमची वाटचाल : भुसावळच्या उन्हात १/३५ चे रणगाडे

आमच्याकडे प्लास्टिकच्या किटमधून रणगाडे बांधून, रंगवून, पेटीत बसवून मिळतात. प्रमाण जवळजवळ नेहमी १/३५. टी-७२ या रणगाड्याचे धड प्रत्यक्षात ६.९५ मीटर लांब. आमच्या टेबलावर ते साधारण २० सेंटिमीटरचे होते आणि शोकेसच्या एका फळीवर मावते. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त फौजी, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींतले आजी-माजी कर्मचारी, काही शाळा, आणि बदली झालेल्या साहेबांना निरोपाची भेट म्हणून घेणारी मंडळी.

सुरुवात परक्या रणगाड्यांनी झाली. टायगर, पँथर, शर्मन, टी-३४, कारण किट त्यांचीच मिळायची. टामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅटरीवर चालणारा पँथर काढला. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला तो १/३५ च्या आसपास निघाला, आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनी तोच उचलला. जर्मन रणगाड्याचा बारीकसारीक सुटा भाग आज विकत मिळतो. विजयंता या भारतीय रणगाड्याला मात्र हात काळे करावे लागतात. आमच्या गिऱ्हाइकाला विजयंता हवा असतो, सेंच्युरियन हवा असतो, ज्यावर आपण किंवा आपले वडील बसले तो रणगाडा हवा असतो. त्यामुळे काम हळूहळू तिकडे वळले.

पण कामाची घडी बसली ती गिऱ्हाइकामुळे नाही, हवेमुळे. किटमधली सूचनापत्रिका लिहिणाऱ्याच्या गावात मे महिन्यात ४४-४५ अंश नसतात. आमच्याकडे असतात. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून, निघालेला ॲक्रिलिक रंग मॉडेलला लागण्याआधीच हवेत सुकतो आणि रवाळ बसतो. सुईच्या टोकावर रंगाचा खडा धरतो, मध्येच ठिपके उडतात. एरवी ०.३ मिमीची निब, १५ ते १८ पीएसआय दाब आणि रंगाला तेवढेच थिनर हे माप चालते. उन्हाळ्यात रंगाच्या दीडपट थिनर, कपात सुकणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब, आणि अंतर १० सेंमीवरून ५-६ सेंमीवर आणावे लागते. तेही पहाटे. कुलर लावून रंगवण्याचा विचारही करू नये. कुलरच्या हवेबरोबर धूळ येते आणि ती ओल्या रंगावर बसते.

पावसाळ्यात उलटे. रंगातले लॅकर थिनर उडताना पृष्ठभाग थंड करते, दमट हवेतले बाष्प तिथे धरते आणि मॅट हिरव्यावर पांढुरकी झाक येते. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठते. ट्रॅप रिकामा केला नाही तर ते थेट टरेटवर, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावर, येते. सुपरग्लूचेही तसेच. त्याला जमायला हवेतला ओलावा लागतो. म्हणून एप्रिलच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, जुलैत झटकन पकडतो आणि पेरिस्कोपच्या काचांभोवती पांढरी वाफ सोडतो. काचेच्या भागांना आम्ही सुपरग्लू लावतच नाही, पांढरा पाण्याचा गोंद वापरतो.

राहिला हिवाळा. तापमान उत्तम, पण जिनिंगचा हंगाम. कापसाचे बारीक तंतू हवेत असतात, आणि ग्लॉस वार्निशवर बसलेला एक तंतू १/३५ मध्ये दोरखंडासारखा दिसतो. त्यामुळे रंगाच्या खोलीत पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली आणि वार्निश मारलेले मॉडेल लगेच उपड्या डब्याखाली. वर्षाची वाटणी मग अशी ठरली: मार्च ते जून बांधणी, पावसाळ्यात धातूचे आणि छापलेले भाग, ऑक्टोबर ते फेब्रुवारी रंग. ही वाटणी पाळायला लागल्यापासून धुऊन पुन्हा रंगवण्याचे काम जवळजवळ संपले.

बांधणीत लोक पहिली घाई करतात ती भाग तोडण्यात. फ्रेमला चिकटून कापला तर प्लास्टिक पांढरे पडते आणि खड्डा पडतो. एक-दोन मिमी बुंधा ठेवून कापायचे, मग दुसऱ्या चिऱ्यात तो घ्यायचा, शेवटी ४०० आणि ६०० चा पॉलिश पेपर. त्याआधी सगळ्या फ्रेम भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायच्या, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला की अस्तर सोलून निघते. साच्याच्या पिनांचे गोल ठसे हॅचच्या (आत उतरायच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला असतात. हॅच उघडे ठेवायचे असेल तर लांबी (पुटी) भरून घासायचे, बंद असेल तर सोडून द्यायचे. न दिसणाऱ्या जागी वेळ घालवायला कोणी पैसे देत नाही.

प्लास्टिक जोडायचे पातळ सिमेंट हा खरे तर गोंद नाही, विद्रावक आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक सांध्याला टेकवायचे. द्रव स्वतःच फटीत ओढला जातो आणि दोन्हीकडचे प्लास्टिक विरघळून एक होते. मेमध्ये तो ओढला जाण्याआधीच उडतो. तेव्हा सावकाश उडणारे सिमेंट घ्यावे, किंवा एका वेळी २-३ सेंमी सांधाच जोडावा. बोटाखाली सिमेंट शिरले तर ठसा कायमचा उमटतो, तेव्हा बोट सांध्यापासून लांब.

तोफेची नळी दोन अर्ध्यांत येत असेल तर आम्ही ती बाजूला ठेवून कातलेली ॲल्युमिनियमची लावतो. अर्ध्या जोडून घासताना नळी हमखास चपटी होते, आणि फौजी माणूस पहिल्यांदा तिच्याच तोंडाकडे बघतो. १०५ मिमीच्या तोफेचे तोंड आतून बरोबर ३ मिमी हवे, टी-७२ च्या १२५ मिमीचे ३.५७, टी-५५ च्या १०० मिमीचे २.८६. ड्रिलच्या सुया याच मापाच्या जवळपासच्या ठेवल्या की झाले.

चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचा प्रश्न मोठा. मऊ व्हायनिलच्या पट्ट्या स्वस्त आणि झटपट, पण त्यांतला मऊपणा आणणारा द्रव्यांश पॉलिस्टायरिनच्या चाकांत उतरतो आणि उष्णतेने ते लवकर होते. बंद पेटीत काही वर्षांनी चाके जिथे पट्टीला टेकतात तिथे वितळल्यासारखी होतात. खानदेशात विकायच्या मॉडेलला आम्ही कडक प्लास्टिकच्या सुट्या कड्यांच्याच पट्ट्या लावतो. कड्या सरळ पट्टीवर मांडून सिमेंट लावायचे, वीसेक मिनिटांनी अर्धवट ओल्या असताना चाकांवर गुंडाळायच्या. टी-५५ ला वरची आधारचाके नाहीत, म्हणून पट्टी वर चाकांवर टेकलेली, झोळ पडलेली दिसली पाहिजे. टी-७२ ला तीन आधारचाके आहेत, तिथे झोळ कमी. टी-५५ आणि टी-६२ मध्ये गोंधळ होऊ नये म्हणून चाकांच्या फटी बघाव्यात. टी-५५ मध्ये मोठी फट पहिल्या-दुसऱ्या चाकामध्ये असते, टी-६२ मध्ये मागच्या चाकांमध्ये.

आता भारतीय रणगाड्यांकडे. टी-५५ चे किट मिळते, पण ते जसेच्या तसे बांधले तर भारताचा रणगाडा होत नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९ होते, दिसायला टी-५४/५५ सारखेच. आपल्याच माणसाने आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून भारतीय टी-५५ च्या नळीच्या मध्यावर खोटा फुगवटा बसवला होता. खरा, म्हणजे नळीतला धूर खेचणारा, टोकाशी असतो. आम्ही ३डी छापलेली कडी नळीत ओवून हा दुसरा फुगवटा करतो. पुढच्या काळात अनेक टी-५५ वर १०५ मिमीची तोफ चढली. तिचा फुगवटा मुळातच नळीच्या मध्याकडे असतो. त्यामुळे ऑर्डर घेताना पहिला प्रश्न वर्षाचा. ‘टी-५५ हवा’ एवढ्यावर काम सुरू करता येत नाही.

सेंच्युरियनची मागणी बसंतरच्या लढाईमुळे. १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांनी पूना हॉर्स या रेजिमेंटच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या ज्या सेंच्युरियनमधून झुंज दिली, तो रणगाडा लोकांना हवा असतो. विजयंताची तऱ्हा वेगळी. तो चेन्नईजवळच्या अवाडीच्या कारखान्यात तयार झाला, मूळ आराखडा विकर्सचा, तोफ १०५ मिमीची. त्याचे प्लास्टिक किट सहज हाती लागत नाही, म्हणून धड आणि टरेट रेझिनमध्ये छापतो आणि नळी सेंच्युरियनसाठी विकली जाणारी १०५ ची लावतो. मापे घ्यायची तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाइतकी जवळची जागा नाही. मात्र तिथून रंग घेऊ नये. उघड्यावर उभे असलेले रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात.

रेझिन छपाईत थराची जाडी ०.०५ मिमी ठेवतो. टरेट आडवा छापला तर उतारावर पायऱ्या दिसतात, म्हणून ३० ते ४५ अंशांत तिरका. पोकळ भागाला किमान दोन भोके हवीतच. आत कच्चे रेझिन अडकले तर उन्हाळ्यात ते सुटते, रंगाखालून चिकट पाझरते किंवा भिंतच तडकवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून-बाहेरून धुणे, पूर्ण वाळवणे, मगच ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पक्के करणे. ओले असताना दिव्याखाली ठेवले तर पृष्ठभाग खडूसारखा होतो.

रंगात अस्तराचा पातळ राखाडी हात, खाचांत काळसर सावली, मग मूळ रंग. १९७१ च्या रणगाड्याला गडद ऑलिव्ह हिरवा, पण डब्यातला तसाच मारला तर एवढ्या लहान वस्तूवर तो जवळजवळ काळा दिसतो. १० ते १५ टक्के फिकट पिवळसर मिसळावा. हल्लीच्या टी-७२ आणि टी-९० वर हिरव्याबरोबर वाळूरंगाचे पट्टे येतात. त्यांच्या कडा मोकळ्या हाताने करतो, मास्किंग टेपची धारदार कड या मापात खोटी वाटते.

क्रमांकांनी आम्हाला सर्वांत जास्त दमवले. फौजी नोंदणी क्रमांकात वर तोंड केलेला बाण आणि वर्षाचे दोन आकडे येतात. किटमधल्या डिकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांत, ते क्वचितच असतात आणि साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. शेवटी गाड्यांचे नंबर कापणाऱ्या रेडियमवाल्याकडून स्टेन्सिल कापून घेऊ लागलो. प्रत्यक्षात १० सेंमीचा आकडा मॉडेलवर २.८६ मिमीचा होतो. त्याहून लहान अक्षर त्या यंत्रावर फाटते. तिथे स्वच्छ डिकल कागदावर पांढऱ्या रंगाने ब्रशने लिहावे लागते. रेडियमचा चिकटपणा जास्त असल्याने तो आधी सुती कापडावर दोन-तीनदा चिकटवून मारायचा, नाहीतर काढताना खालचा हिरवाही निघतो. डिकल लावायचे तर खाली ग्लॉस हवाच. मॅटच्या खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा राहते आणि चंदेरी दिसते.

इनॅमलचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, खाचांत ओढला गेल्यावर पाच-दहा मिनिटांत पुसायला घ्यावा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पण मुख्य काळजी वेगळी. मिनरल टर्पेंटाइन भरपूर ओतले तर ते चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांत शिरते आणि ताणाखाली असलेले प्लास्टिक ठिसूळ होऊन दुसऱ्या दिवशी चाक गळून पडते. त्यामुळे खालच्या भागाला वॉश थेंबाथेंबाने.

मातीसाठी गिऱ्हाईक स्वतःच्या शेतातली काळी माती आणून देतात. भावना समजते, पण बसंतरचा मुलूख पंजाबातला, तिथली माती फिकट करड्या-तपकिरी गाळाची. काळी माती हवीच असेल तर ती तव्यावर चांगली भाजून, म्हणजे आतली मुळे-काडी जळून नंतर बुरशी येत नाही, मलमलीतून दोनदा चाळून घेतो. ०.१ मिमीचा कण या प्रमाणात साडेतीन मिमीचा खडा होतो, म्हणून चाळणी पुरत नाही. शोभेल ते आम्ही सांगतो. ऐकले नाही तर पाटीवर ठिकाण लिहीत नाही.

पेटी ३ मिमी ॲक्रिलिकची. पुसायला थिनर किंवा स्पिरिट अजिबात नको, कडांना जाळीदार तडे जातात. रणगाडा लाकडी तळावर दोन एम-३ स्क्रूने कसतो; त्यांचे नट धडाच्या आत वरचा भाग चिकटवण्याआधीच बसवायचे, म्हणजे तळ कसला असेल ते पहिल्याच दिवशी ठरलेले हवे. उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्डवर प्लास्टिकची नळी वाकते, म्हणून नळी सुटी, फोममध्ये. एप्रिल-मेमध्ये पार्सल पाठवत नाही. भुसावळ जंक्शन असल्याने बहुतेक लोक स्वतः येऊन नेतात. १६ डिसेंबरच्या विजय दिवसासाठी रणगाडा हवा असेल तर मेअखेर वर्ष, क्रमांक आणि पाटीचा मजकूर लेखी द्यावा. बांधणी जूनपर्यंत उरकते आणि रंगाला ऑक्टोबरशिवाय हात लावता येत नाही.