एकोणपन्नासावं अक्षर

एजंट, म्हणजे भाषा मॉडेलवर चालणारा आमचा मदतनीस प्रोग्राम, माझ्या लॅपटॉपवर आठवडाभर शहाण्यासारखा वागत होता. अंतर्गत तक्रारींची तिकिटं वाचायची, एकसारखी असतील ती एकत्र लावायची, उत्तराचा मसुदा करायचा आणि चॅट ग्रुपमध्ये कुणी काही विचारलं तर सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी सकाळी तो प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरवर, चढवला. कुणीतरी लगेच विचारलं, आज नवीन तिकिटं किती? एजंट अदबीने उत्तरला, "तिकीट सिस्टीमशी संपर्क होत नाहीये. बहुधा त्यांचा सर्व्हर बंद असावा."

हे 'बहुधा' आम्हाला दोन तास पुरलं.

एजंटला दोन किल्ल्या लागतात: मॉडेलची एपीआय की आणि तिकीट सिस्टीमचं टोकन, दोन्ही म्हणजे आत शिरायला लागणारे लांबलचक गुप्त शब्द. पहिली चालत होती, नाहीतर त्याच्या तोंडून शब्दच फुटला नसता. एखादी साधी स्क्रिप्ट असती तर लाल अक्षरांत कोसळली असती आणि आम्ही मूळ एरर वाचली असती. इथे टूल, म्हणजे मॉडेलला बाहेरच्या सिस्टीमशी जोडणारा कोड, फसलं की एररचा मजकूर मॉडेलकडे जातो आणि मॉडेल त्याचं समजूतदार वाक्य करून देतं. त्यात टूलचा कोड माझा. काहीही बिनसलं तरी पुढे 'कनेक्शन एरर' चिकटवून मजकूर परत द्यायचा, अशी एक ओळ मी घाईत लिहून ठेवली होती. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, ती एरर लिहायची मात्र राहून गेली होती. मॉडेलने पहिले दोन शब्द वाचले आणि सर्व्हर बंद पाडला.

तिकीट सिस्टीमची टीम वैतागली, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्याकडे सगळं हिरवंगार. वर ते म्हणाले, "तुमची एकही रिक्वेस्ट आमच्यापर्यंत पोचलेली नाही." झालं, सगळा संशय नेटवर्कवर गेला. नेटवर्कच्या सहकाऱ्याने पॉडमध्ये, म्हणजे एजंट चालतो त्या सर्व्हरवरच्या कप्प्यात, शिरून टोकनशिवायच एक कर्ल मारला, म्हणजे हाताने एक रिक्वेस्ट पाठवली. उत्तर आलं ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही'.

"अगं, ४०१ येतंय म्हणजे पलीकडून कुणीतरी बोलतंय. रस्ता मोकळा आहे. तू तुझं ओळखपत्र बघ."

मी पॉडमध्येच एको या मजकूर छापणाऱ्या कमांडने टोकन छापून पाहिलं. लॅपटॉपवरच्या टोकनशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. तसं मी जरा ठसक्यातच कळवलं.

मग तिकीट टीममधल्या एकाने कंटाळून ग्रुपमध्ये थेट एजंटलाच विचारलं, "नेमकी एरर काय येते, शब्दशः टाक." आणि त्याने टाकली. 'इल्लीगल हेडर व्हॅल्यू' (हेडर म्हणजे रिक्वेस्टच्या वरची माहितीची ओळ, टोकन तिथेच जातं), पुढे 'बेअरर', त्यापुढे माझं अख्खं टोकन, आणि टोकनला चिकटून एक उलटी तिरकी रेघ आणि एन. ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं.

रोगाचं निदान आणि अब्रूचा पंचनामा एकाच ओळीत.

आधी रोगाचं सांगते. पॉड चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या सिक्रेटमध्ये, म्हणजे गुपितं ठेवायच्या जागी, टाकण्यासाठी मी ते टोकन बेस६४ केलं होतं, म्हणजे ठरावीक ६४ अक्षरांच्या लिपीत बदललं होतं, टर्मिनलवर एकोचं आउटपुट पाइपने पुढे देऊन. एको शेवटी स्वतःचा एक एन्टर घालतो; एररमधली ती तिरकी रेघ आणि एन म्हणजे हाच. टोकन ४८ अक्षरांचं, त्यामुळे आत गेली ४९. बेस६४ दर तीन बाइटची (इथे तीन अक्षरांची) चार अक्षरं करतं. म्हणजे ४८ ची बरोब्बर ६४ व्हायला हवी होती. माझी ६८ होती आणि शेवटी 'सीजी' व दोन बरोबरची चिन्हं. हे शेपूट आता मला लांबूनही ओळखू येतं. (बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसती घडी. तरी ती फाइल बिनधास्त गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकणारे लोक मी पाहिलेत.) लॅपटॉपवर हे कधी जाणवलंच नाही, कारण तिथे टोकन एन्व्ह फाइल या सेटिंगच्या फाइलमधून यायचं आणि ती वाचणारी लायब्ररी ओळीचा शेवट छाटून टाकते. पॉडमध्ये छापून पाहिलं तेव्हा मी अवतरणचिन्हं लावली नव्हती, म्हणून शेलने, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, तो एन्टर परस्पर गिळला. एचटीटीपीत मात्र एन्टर म्हणजे हेडर संपलं. असं हेडर लायब्ररी पाठवायलाच नकार देते. रिक्वेस्ट आमच्या पॉडबाहेर पडलीच नव्हती; तिकीट टीम शब्दशः खरं बोलत होती.

आता अब्रू. तो मेसेज पुसायला हात गेला, पण पुसून काय होणार? नोटिफिकेशन सगळ्यांच्या फोनवर गेलेलं, संभाषण आमच्या डेटाबेसमध्ये साठलेलं, आणि तोच मजकूर मॉडेलच्या सर्व्हरवरही जाऊन आलेला. टोकन जळालं असं धरून ते ताबडतोब रद्द केलं. रद्द करताना त्या पानावर त्याचे अधिकार दिसले: वाचणे, लिहिणे, डिलीट करणे. ते टोकन माझ्या स्वतःच्या खात्याचं होतं, चाचणीसाठी काढलेलं, आणि तेच मी एजंटच्या हाती देऊन मोकळी झाले होते. गळलं नसतं तर मी ते कधी पुन्हा पाहिलंही नसतं.

मग एजंटसाठी वेगळं सर्व्हिस खातं काढलं. अधिकार फक्त वाचण्याचे आणि कॉमेंट टाकण्याचे. नवीन टोकन एकोऐवजी स्वतःचा एन्टर न घालणाऱ्या प्रिंटएफने आत सोडलं, अक्षरं मोजली, ४८. सिक्रेट बदललं आणि ग्रुपमध्ये विचारून पाहिलं. एजंटचं तेच पालुपद. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे टोकनसारखी बाहेरून दिलेली मूल्यं, प्रोसेस सुरू होतानाच आत जातात, चालत्या पॉडला नव्या सिक्रेटचा पत्ता नसतो, हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं असेल! पॉड रीस्टार्ट केले. टूलमधली ती घाईची ओळही बदलली: मॉडेलला फक्त एररचा प्रकार द्यायचा, मूळ मजकूर टोकन झाकून लॉगमध्ये.

सहाच्या सुमारास एजंटने ग्रुपमध्ये जाहीर केलं, "तिकीट सिस्टीम पूर्ववत सुरू झाली आहे. संबंधित टीमचे आभार."

खाली तिकीट टीमचं उत्तर आलं, "ती बंद कधी होती?"

रात्री दोनला फोन वाजला. रोजचा रिपोर्ट ४०१ वर अडकला होता. मी अंथरुणातूनच सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही. वर्षभरापूर्वी त्या रिपोर्टलाही मी माझं हेच टोकन देऊन ठेवलं होतं.