मामाची जुनी गिटार वाजती करताना

गिटारच्या पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एफ कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा सूरमेळ, धरताना मनगट भरून येत असेल, तर दर वेळी बोटांना दोष देऊ नये. मामाची गिटार तशीच होती. सत्तरच्या दशकातली, जपानी बनावटीची. दादरच्या घरात वर्षानुवर्षं कपाटावर पडून, तारा ताणलेल्या तशाच. पुण्याला माझ्याकडे आली तेव्हा मामा म्हणाला, "अरे, तारा बदल, झालं काम." बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरली, तर जाड तारेखाली ३.८ मिमी अंतर. ते अडीचच्या आसपास हवं.

पण लगेच हात घातला नाही, पावसाळा सरू दिला. गिटारबद्दलचा बहुतेक सल्ला थंड, कोरड्या देशांतून येतो: लाकूड सुकून तडकेल, ओलावा द्या. आपल्याकडे जुलैत गाडी बरोबर उलटी. लाकूड दमट हवा पितं, वरची फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली लाकडी पट्टी, उचलला जातो आणि तारा चढतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भर पावसात बसवलेलं माप दिवाळीनंतर कोरड्या हवेत खाली बसतं आणि तारा फ्रेटला लागून खरखरू लागतात.

आधी धड काय आहे ते पाहिलं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकते का? नाही सरकली, म्हणजे डिंक शाबूत. फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या बोटाने ठोकून पाहिल्या, कुठलीच सुटलेली वाटली नाही. मग लांब स्टीलपट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे नेली. ती ब्रिजच्या माथ्यावर टेकली किंवा जरा वरून गेली, तर नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा, कोन ठीक. बरीच खाली धडकली, तर नेक सोडवून पुन्हा बसवावी लागते आणि ते घरी करायचं काम नव्हे. माझी पट्टी माथ्याच्या जेमतेम खाली आली. तेवढं चालण्यासारखं.

बोहरी आळीतून फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, आणलं, गॅरेजवाले वापरतात तेच. तारा सुरात लावल्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, चौदाव्यावर जाड तार दाबली आणि सातव्या फ्रेटवरची फट मोजली. ०.५ मिमी. म्हणजे तारांच्या ओढीने नेक पुढे वाकली होती. खुंट्यांजवळचं छोटं झाकण काढलं की आत ट्रस रॉडचा, म्हणजे नेकमधल्या धातूच्या सळईचा, नट दिसतो. तो घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा तारा लावणं, पुन्हा मोजणं. मध्ये थोडा वेळ लाकडाला द्यायचा. फट ०.२ वर आल्यावर थांबलो. ट्रस रॉड नेकचा बाक काढण्यासाठी असतो. तारांची उंची कमी करायला तो पिळत राहणं म्हणजे जुनी गिटार मोडायचा खात्रीचा मार्ग. शिवाय सगळ्या गिटारींत तो फिरवता येतोच असं नाही. मार्टिनसारख्या कंपनीनंही तसा रॉड १९८५ पासूनच द्यायला सुरुवात केली.

नेक सरळ झाल्यावर बाराव्या फ्रेटवर ३.५ मिमी उरले. आता सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे १ मिमी उतरवायचा तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. मूळ सॅडलला मात्र हात लावला नाही. ते केसच्या खणात ठेवलं आणि हाडाची नवी पट्टी मागवली. काच सपाट असते, म्हणून काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासली. तोंडाला मास्क हवाच. हाडाची धूळ बारीक असते आणि वास तर असा की घरच्यांनी मला गॅलरीत हाकललं.

घासताना माझ्या डोक्यात तंबोरा होता. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा पसरट आणि किंचित उतरता असतो. तार त्याला निसटती घासत राहते, तिच्याखाली सूत सरकवलं की जवारी, म्हणजे तो गुंजणारा नाद, खुलते. मिरजेचे कारागीर त्यासाठी आयुष्य घालवतात. गिटारमध्ये नेमकं तेच नको असतं. सॅडलचा माथा गोल करून तार एकाच रेषेत सुटली पाहिजे, नाहीतर सतारीसारखी झिणझिण येते. खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिलाही नटच म्हणतात; त्या खाचेचंही तेच. खाच खुंट्यांकडे जराशी उतरती असावी आणि तारेने फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकावं.

एफ कॉर्डचं खरं दुखणं नटमध्येच होतं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच फट हवी; इथे पोस्टकार्ड आरामात जात होतं. नटच्या खास कानशी महाग पडतात. मी गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा संच वापरला, त्यात वेगवेगळ्या जाडीच्या तारा मिळतात. दोनचार हात मारायचे, तार बसवून पाहायची. इथे घाईला माफी नाही, कारण खाच खोल गेली की नट बदलावाच लागतो.

फ्रेटबोर्ड शिसवी होता, मळाने काळवंडलेला. अगदी बारीक स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसला आणि खनिज तेलाचा हात फिरवला. स्वयंपाकघरातलं तेल लावू नये, पुढे खवट होऊन चिकटतं. तारा मुद्दाम हलक्या घातल्या, १० च्या (हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). १२ चा नेहमीचा संच सुरात लावला की सगळ्या तारा मिळून ७० किलोंच्या वर ओढ घेतात, आणि या वयाच्या ब्रिजवर तेवढा भार टाकायची मला गरज वाटली नाही. आवाज किंचित बारीक झाला, एवढंच.

हाडाच्या उरलेल्या तुकड्यातून आणखी एक सॅडल केलं, पहिल्यापेक्षा अर्धा मिमी बुटकं. ते पावसाळ्यासाठी. जूनअखेर फळी फुगली की तारा सैल करायच्या आणि ते बसवायचं. दिवाळीनंतर पुन्हा पहिलं. कुठलं कधीचं हे विसरू नये म्हणून दोन्हींच्या बुडाला पेन्सिलीने 'पा' आणि 'हि' लिहून ठेवलंय.