आधी कोण हसलं

रविवारी जेवणं झाली आणि भाच्यानं लॅपटॉपची वायर टीव्हीत खुपसली. "मामा, झोपू नकोस, एक भारी डॉक्युमेंट्री आहे." सांगलीच्या विश्रामबागेतला वरचा मजला आणि एप्रिल महिना, म्हणजे झोप तशीही येणार नव्हती. ताईनं भडंगाचा डबा मधोमध ठेवला. शेजारचे काका आलेच. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्याकडे कूलर आहे, एवढं कारण त्यांना पुरतं.

डॉक्युमेंट्री होती 1999 सालची 'अमेरिकन मूव्ही', क्रिस स्मिथची. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी शहराजवळ मेनोमोनी फॉल्स नावाचं गाव आहे. तिथला मार्क बोर्चार्ट हा तिशीच्या आसपासचा, डोक्यावर देणी असलेला, आईबापांच्या घरात राहणारा माणूस. पेपर टाकतो, स्मशानभूमीत झाडलोट करतो आणि आपण मोठा दिग्दर्शक आहोत यात त्याला तिळमात्र शंका नाही. त्याला 'नॉर्थवेस्टर्न' नावाचा मोठा सिनेमा करायचाय. त्याला पैसे नाहीत, म्हणून आधी 'कोव्हन' ही अर्धवट पडलेली छोटी भयकथा पुरी करायची, तिच्या तीन हजार कॅसेट विकायच्या आणि त्या पैशांवर मोठा सिनेमा काढायचा. हिशोब ऐकल्याबरोबर काका म्हणाले, "बुडणार."

मला एक वाईट खोड आहे. भावे नाट्यमंदिरात असो नाहीतर घरी, माझं निम्मं लक्ष शेजारच्यांच्या चेहऱ्यांवर असतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं तेव्हापासून सांगलीच्या प्रेक्षकाला आपण नटापेक्षा शहाणे आहोत असं वाटत आलंय, असा माझा समज आहे. कोण कुठं खोकतं आणि कोण कुठं घड्याळ बघतं हे मी टिपत बसतो. बायको म्हणते, तुला मागच्या रांगेचं तिकीट काढून उलटं बसवायला पाहिजे.

तर त्या दुपारी मी हेच केलं. सिनेमातल्या एका प्रसंगात एका नटाचं डोकं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आपटून दार फोडायचं असतं. दार काही फुटत नाही. डोकं मात्र खरं असतं, खरंच आपटत असतं. भाचा लोळून लोळून हसला, मीही हसलो. ताई नुसतं "अगं बाई" म्हणाली. मग मार्कची आई कॅमेरा धरते. तिला बाजाराला जायचं असतं, पण पोरगा सोडत नाही. यावर आम्ही दोघं हसलो आणि ताई चिडली. "सोडा की तिला आधी! सामान कोण आणणार?" पुढची दहा मिनिटं तिला सिनेमा दिसतच नव्हता, त्या बाईची पिशवीच दिसत होती.

काकांचा जीव म्हाताऱ्या अंकल बिलमध्ये अडकला होता. हा मार्कचा काका, याच्याच पैशांवर सगळं चाललेलं. एक वाक्य बोलायला मार्क त्याला बसवतो आणि टेकवर टेक घेतो. म्हातारा कंटाळतो, पुटपुटतो, त्याचा विश्वास कशावरच नाही. भाचा इथंही खिदळला. मग मार्क त्याच म्हाताऱ्याला आंघोळ घालतो. तेव्हा भाच्याचा हात भडंगाच्या डब्यात तसाच राहिला. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात की बिल वारला आणि 'नॉर्थवेस्टर्न' पुरा करायला पुतण्याच्या नावानं 50,000 डॉलर ठेवून गेला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बिनतारणी," एवढंच म्हणाले.

भाच्याचं मत पडलं की हे आपल्या मालेगावच्या सुपरमॅनसारखंच आहे. मला ते पटलं नाही. मालेगावची मंडळी सुपरमॅनची नक्कल करतात ती हसवायलाच, म्हणून त्यांच्याबरोबर बिनघोर हसता येतं. हा मार्क हसवायला निघालेलाच नाही. 'कोव्हन'चा खरा इंग्रजी उच्चार 'कव्हन', तो त्याला चालत नाही, कारण तो भट्टीच्या 'अव्हन'सारखा वाटतो. म्हणून तो 'को' लांबवतो आणि समोरच्यालाही लांबवायला लावतो. इतका गंभीर आहे तो. अशा वेळी आमच्याकडं कुणीतरी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव काढतंच, त्यांनाही लोकांनी आधी वेडंच ठरवलं असेल वगैरे. पण बाबूरावांनी घडवलेला कॅमेरा चालला, 1920 साली त्यावर 'सैरंध्री' झाला. ज्यांचा चालत नाही त्यांचं काय, हा प्रश्न बाबूरावांना विचारण्यात अर्थ नाही.

तो आमच्या गावभागातल्या बोळातल्या दादाला विचारावा लागेल.

दादाच्या घरची पिठाची गिरणी. 1992 साली त्यानं भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा व्हीएचएस कॅमेरा पितृपक्षात रिकामा असायचा, म्हणून शूटिंग पितृपक्षात. माझी आजी हबकली. "पितर जेवायला यायच्या दिवसांत भुताचं सोंग घेतोस होय रे?" मी नऊ वर्षांचा, मला मेलेल्या पोराचं काम होतं. हरिपूरच्या संगमावर, घाटाच्या पायरीवर निपचित पडायचं. तोंडाला गिरणीतलं पीठ कालवून फासलं होतं आणि शेजारीच चटणीचा डंका असल्यामुळं ते पीठ नुसतं पीठ नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की दादा ओरडायचा, "कट! मेलेलं रडत नाही रे!" भाजीचा हातगाडा ही ट्रॉली. तो ढकलणारा पोरगा कुणी नसलं की हळूच त्यावर बसून घ्यायचा. संध्याकाळी सगळ्यांना भेळ, दादाच्या खिशातून. सिनेमाचं नाव तीनदा बदललं, चौथं ठरलंच नाही.

दोन व्हीसीआर जोडून त्यानं तो सिनेमा कसाबसा उभा केला आणि पुढच्या गणपतीत मंडळासमोर लावला. टेबलावर भाड्याचा रंगीत टीव्ही, समोर सतरंजीवर अख्खा बोळ. त्यानंतर हिंदी सिनेमाची कॅसेट होती, पोरं तिच्यासाठीच आली होती. दादा मागं जनरेटरपाशी इस्त्रीचा शर्ट घालून हाताची घडी घालून उभा.

भूत पाण्यातून हळूहळू वर येतं, तो प्रसंग खरं तर चांगला जमला होता. फक्त मागच्या पायरीवर एक बाई निवांतपणे गोधडी आपटत होती. भुताकडं तिचं लक्षच नाही. आणि मग ती हसण्याची लाट उठली, ती काही शेवटपर्यंत बसली नाही. पुढं मेलेला पोरगा आला, म्हणजे मी, तर त्यालाही लोक हसले.

आजवर मी ही गोष्ट अशीच सांगत आलोय, गोधडीवर थांबून. त्या दुपारी भाच्यालाही अशीच सांगितली. एक बारीकसा भाग मात्र गाळून. शूटिंगच्या दिवशी मी तिथंच होतो, ती बाई मला माहीत होती. भूत पाण्याबाहेर यायच्या आधीच मी शेजारच्या पोरांना कोपरानं ढोसून सांगत होतो, "भुताकडं नको, मागं बघा, मागं." पहिलं हसू माझं होतं. वळून पाहिलं तर दादा टीव्हीकडं बघत नव्हता.

भेळ त्यानं नंतरही दिली. सिनेमा काही परत काढला नाही. 2019 च्या पुरात गिरणीत पाणी शिरलं तेव्हा मोटर गेली, पोती गेली, आणि कॅसेटही गेली म्हणाला, हसत हसत.

विश्रामबागेत तीन गिरण्या आहेत, तरी मी दळण गावभागातच नेतो. बायको वैतागते. त्या रविवारी संध्याकाळीही गेलो. दादाच्या भुवया पिठानं पांढऱ्या. डबा ठेवून घेत त्यानं विचारलं, "बारीक का जाडं?" मनात आलं, त्याला त्या मिलवॉकीवाल्याबद्दल सांगावं, पुढच्या रविवारी घरीच बोलवावं. मग वाटलं, काका असतील, भाचा असेल, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसेन.

"बारीक," मी म्हणालो. पट्टा सुरू झाला, मग काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही.