जपानी कॅसेट आणि माझा जुना डीएस

निन्टेन्डो डीएस या हातात धरून व्हिडिओ गेम खेळायच्या दोन पडद्यांच्या यंत्रात दुसऱ्या देशात विकलेली खेळाची कॅसेटही चालते, हे मला ते यंत्र घेऊन दीड वर्ष उलटल्यावर कळले. माझी मावसबहीण तेव्हा नोकरीनिमित्त टोकियोच्या निशी-कासाई भागात राहत होती. सुट्टीला पुण्याला येताना तिने काय आणू म्हणून विचारले, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एखाद्या दुकानातून ‘ओस्सु! तताकाए! ओएन्दान’ हा खेळ शोधून आण, असे मी तिला सांगितले. चालेल की नाही याची धाकधूक होतीच. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी अशी ती कॅसेट मी खाचेत सरकवली, खट् असा बारीक आवाज झाला, यंत्र सुरू केले आणि मेनूवर जपानी लिपीतले नाव उमटले. लेबलावरच्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी ‘जेपीएन’, म्हणजे जपान, ही अक्षरे होती, पण माझ्या यंत्राला त्यांचे काहीच वाटले नाही.

यात नवल वाटण्याचे कारण असे की, टीव्हीला जोडायच्या यंत्रांची सवय झालेल्या माणसाला देशादेशांतल्या भिंती ठाऊक असतात. आपल्याकडे आणि युरोपात टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे, ५० हर्ट्झचे. जपान-अमेरिकेत ‘एनटीएससी’, ६० हर्ट्झचे. त्यामुळे तिकडचा खेळ इकडे नीट चालण्यात मुळातच अडचण होती, आणि वर कंपन्या कॅसेटचा आकार किंवा आतली चिप मुद्दाम वेगळी ठेवत. हातात धरायच्या यंत्राचा पडदा मात्र त्याच्या अंगातच असतो. त्याला पाल आणि एनटीएससीशी कर्तव्य नाही. निन्टेन्डोचा १९८९ चा गेम बॉय, पुढे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि २००४ चा डीएस, या सगळ्यांनी ही मोकळीक ठेवली. चीनसाठी काढलेल्या काही कॅसेटी सोडल्या, तर डीएसला कुठलीही कॅसेट परकी नव्हती.

‘ओएन्दान’ जुलै २००५ मध्ये जपानमध्ये आला. ओएन्दान म्हणजे शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत खेळाडूंना जोर देणारे पथक. काळा लांब गणवेश घातलेले तीन तरुण या खेळाचे नायक आहेत. कुणीतरी संकटात सापडतो, जिवाच्या आकांताने ‘ओएन्दान!’ अशी हाक मारतो आणि हे तिघे तिथे हजर होऊन नाचत, ओरडत त्याला बळ देतात. वरच्या पडद्यावर त्या माणसाची गोष्ट चित्रांतून पुढे सरकत असते. खालच्या पडद्यावर गाण्याच्या ठेक्यावर आकडे घातलेली वर्तुळे उमटतात. त्यांच्याभोवतीचे कडे आक्रसत येऊन वर्तुळाला भिडते, नेमक्या त्या क्षणी टोकदार काडीने टिचकी मारायची. पहिल्याच गोष्टीत परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आहे आणि घरातले त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. ही गोष्ट पुण्यातल्या कुठल्या घराला समजावून सांगावी लागेल?

त्यातली एक गोष्ट मी कधीही विसरणार नाही. अपघातात गेलेल्या एका तरुणाला आपल्या प्रेयसीला भेटण्याची एकच, थोड्या वेळाची संधी मिळते. गाणे संथ आहे, वर्तुळे हळूहळू येतात आणि तरीही हात थरथरतो. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. बराच वेळ वरच्या पडद्याकडे पाहून ती म्हणाली, “तो मुलगा गेलेलाच आहे ना रे?” तिला जपानीतले एक अक्षर येत नाही. मलाही तेव्हा येत नव्हते.

प्रत्येक टप्प्याअखेरीस जमले की वर्तुळ दिसते, फसले की फुली. जपानमध्ये वर्तुळ म्हणजे बरोबर. आपल्याकडे शिक्षक चुकलेल्या शब्दाभोवती वर्तुळ काढतात, म्हणून सुरुवातीला मी उलटेच समजत होतो. सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावरही जपानी खेळांत वर्तुळाचे बटण होकाराचे आणि फुलीचे नकाराचे असते, पाश्चात्त्य खेळांत नेमके उलटे. बोटांना ही सवय लावायला वेळ लागतो, पण लागते.

परदेशी खेळाडूंनी ‘ओएन्दान’ इतका मागवला की, तो बनवणाऱ्या इनिस या कंपनीने त्याच धर्तीवर अमेरिकेसाठी ‘एलिट बीट एजंट्स’ हा खेळ केला. तो २००६ मध्ये आला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्ट यांनी याच खेळावरून संगणकासाठी ‘ओसु!’ काढला आणि तो आजही जगभर खेळला जातो. यंत्राने परक्या कॅसेटला दार बंद केले असते, तर यातले किती घडले असते, असा प्रश्न मला पडतो.

दार पुढे बंद झालेच. डीएसची पुढची आवृत्ती असलेल्या २००८ च्या डीएसआयने आपल्या खास खेळांसाठी देशादेशांचे कुलूप आणले आणि त्यानंतरच्या, २०११ च्या थ्रीडीएस या यंत्राने ते पक्के केले. जपान, अमेरिका, युरोप असे जगाचे तुकडे पडले आणि अमेरिकी यंत्राला जपानी थ्रीडीएस कॅसेट चालेनाशी झाली. प्रत्येक देशाचे वयोगटाचे नियम, कायदे आणि सामाजिक संकेत वेगळे असतात, असे कारण निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी २०१३ मध्ये दिले होते. दुकानात खेळ विकताना ते कारण मला पटते. पण स्वतःच्या पैशाने, समजून-उमजून परदेशी खेळ विकत घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या हातातले यंत्र अडवायला ते पुरेसे नाही. ज्यांच्या देशात कंपनीचे स्वतःचे दुकान नव्हते, ज्यांचे यंत्र नातेवाईक जिथे असतील तिथून येत होते, त्यांना हे कुलूप सर्वांत जास्त जाचले, आणि आपण भारतीय त्यांच्यातच होतो. निन्टेन्डोच्याच २०१७ च्या स्विच या यंत्राने ते कुलूप काढून टाकले, याचा मला मनापासून आनंद झाला. २०२५ मध्ये स्विच २ ची जपानपुरती स्वस्त आवृत्ती ४९,९८० येनला आली, तिच्यात फक्त जपानी भाषा आणि फक्त जपानचे खाते चालते. बहिणीने किंमत पाहून ती घेऊ का विचारले, तेव्हा मी नको म्हटले.

बहीण यंदा दिवाळीत येते आहे. तिला ‘रिदम तेंगोकु’ हा खेळ शोधायला सांगितले आहे. तो ऑगस्ट २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी फक्त जपानमध्ये निघाला आणि माझ्या डीएसच्या खालच्या मोठ्या खाचेत त्याची कॅसेट बसते. चार्जर मात्र आणू नकोस, असे बजावले आहे. तिकडचा चार्जर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळून जाऊ शकतो.