मुंबई ते दिवेआगर, पिकअपमागे कॅम्पर लावून: ताम्हिणीने उतरू नका

"मॅडम, साडेतीन टन डोळे झाकून ओढते," असे जुनी पिकअप विकणाऱ्या ज्या एजंटाने मला छातीठोकपणे सांगितले, त्याने स्वतः आयुष्यात भाजीच्या पिशवीपलीकडे काही ओढले नसावे, अशी आता माझी खात्री झाली आहे. आकडा पूर्णपणे खोटा नाही. इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स यांच्या काही प्रकारांना युरोपात व ऑस्ट्रेलियात साडेतीन टन ओढण्याची अधिकृत मुभा आहे. पण ती स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी, तिकडच्या हुकासह, तिकडच्या गाडीला. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी तीच मर्यादा ७५० किलोंवर येते. आपल्याकडच्या गाडीसाठी तिच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत जे छापले असेल तेच खरे मानायचे, आणि ती पुस्तिका माझ्या एजंटाने "कुठेतरी राहिली" म्हणून दिलीच नव्हती. पुस्तिकेशिवाय गाडी घेऊ नये, हा पहिला सल्ला.

मी २०२१ची, सहा गिअरची मॅन्युअल व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझू डी-मॅक्सचाच एक प्रकार, जुनी घेतली. तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. २०२२ साली भारतात आलेल्या हायलक्सचे इंजिन २.८ लिटरचे आहे. तिच्या मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. हे आकडे पाठ करण्यात मी दोन महिने घालवले. प्रत्यक्षात चढावर ताकद एकदाही कमी पडली नाही, आणि ज्याने घाम फोडला त्याचा इंजिनाशी काही संबंध नव्हता.

रोजच्या वापराचे आधी सांगून टाकते. मुलुंड ते अंधेरी असा रोजचा रस्ता असेल, तर पिकअप घेण्याआधी सोसायटीत टेप घेऊन उतरावे. मुंबईच्या विकास नियमावलीत पार्किंगची मोठी जागा २.५ बाय ५.५ मीटरची आणि लहान जागा २.३ बाय ४.५ मीटरची धरलेली आहे. या दोन्ही पिकअप सुमारे ५.३ मीटर लांब आहेत. म्हणजे मोठ्या जागेत गाडी मावते पण मागचा फाळका उघडत नाही, आणि लहान जागेत तिचे नाक शेजाऱ्याच्या दारात जाते. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्याने रिकामी गाडी पेव्हर ब्लॉकवरून टणाटण उडते, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवसापासून रिक्षा पसंत केली. एल.बी.एस. मार्गावरच्या गर्दीत क्लच दाबून माझा डावा गुडघा दुखू लागला तो अजून दुखतो आहे. रोज चालवायची आणि वर कॅम्परही (गाडीमागे ओढायची, राहण्या-झोपण्याची चाकांवरची खोली) ओढायचा असेल तर ऑटोमॅटिकच घ्यावी. मॅन्युअलचे वाचलेले पैसे क्लच प्लेटमध्ये जातात.

हुक जोडणे, चाक बदलणे, आरशात पाहून गाडी मागे घेणे एवढे वाचणाऱ्याला येते असे मी धरून चालते. कागदपत्रांचे मात्र सांगायलाच हवे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र नंबर हवा, आणि विमाही निराळा तपासून घ्यायला हवा. "गाडीचाच नंबर मागे रंगवा, कोणी विचारत नाही," हा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नये.

आमचा एका ॲक्सलचा (चाकांच्या एकाच जोडीचा) कॅम्पर एका वर्कशॉपने बांधून दिला. रिकामे वजन ९०० किलो, असे त्यांनी कोटेशनवर लिहिले होते. तो सोसायटीत मावत नसल्यामुळे पनवेलजवळच्या एका वाडीत भाड्याने उभा असतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी, केवळ शंका म्हणून, तो शेजारच्या वजनकाट्यावर नेला. गॅसची टाकी, बॅटरी, गाद्या, भांडी आणि शंभर लिटर पाण्यासह पावतीवर १,२४० किलो छापून आले. काटेवाल्या मुलाने पावती फाडून देताना "भंगार आहे का?" असे विचारले. कोटेशनवरचा आकडा सांगाड्याचा होता, हे वर्कशॉपने नंतर फोनवर शांतपणे मान्य केले. मुद्दा असा की काट्याची पावती हातात आल्याशिवाय कोणती गाडी घ्यायची याची चर्चाच करू नये. आधी भरलेला कॅम्पर काट्यावर न्यावा, मग गाडी शोधावी. मी नेमके उलट केले.

पनवेलहून द्रुतगती मार्गाने निघालो. ताशी ७५च्या आसपास एक कंटेनर शेजारून गेला आणि कॅम्परची शेपटी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी झुलू लागली. ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय उचलला आणि वेग कमी होऊ दिला, म्हणून हा वृत्तांत लिहिता येतो आहे. कारण साधे होते. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे बसवलेली, त्यामुळे मागचा भार वाढून हुकावरचा कमी झाला होता. कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. तो फारच कमी झाला की शेपूट गाडीला हलवू लागते. खालापूरच्या आधी थांबून टाकी पूर्ण रिकामी केली, जड सामान पुढे घेतले आणि वेग साठवर आणला. त्यानंतर खंडाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता पार पडला. टाकी ॲक्सलच्या थोडी पुढे किंवा बरोबर वर बसवून घ्यावी, आणि प्रवासात ती रिकामीच ठेवावी. पाणी मुक्कामी भरता येते.

पहिली रात्र पौडजवळ दादाच्या शेतावर काढली. ताम्हिणीने जाण्याची कल्पनाही दादाचीच. "अगं, रस्ता आता मस्त झालाय," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने खरेच आहे, कारण तो मोटारसायकलवरून जातो.

आमच्या कॅम्परला जे ब्रेक आहेत ते धक्क्याचे आहेत. गाडी हळू झाली की कॅम्पर पुढे ढकलला जातो, हुकाच्या मागचा दांडा आत सरकतो आणि त्या दाबाने कॅम्परची चाके धरली जातात. सपाट रस्त्यावर ही युक्ती उत्तम चालते. लांब उताराला मात्र तुम्ही शहाण्यासारखे दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरत असता, आणि त्या संपूर्ण वेळात कॅम्पर मागून ढकलत असतो. म्हणजे त्याचे ब्रेक सतत अर्धवट धरलेलेच राहतात. ताम्हिणी गाव सोडून उतार सुरू झाल्यावर काही वेळातच जळका वास आला. मी गाडीच्या पुढच्या चाकांजवळ नाक नेऊन पाहिले, तिथे काही नव्हते. कॅम्परच्या चाकाजवळ हात नेला, तर वीतभर अंतरावरूनच धग लागली. अर्धा तास थांबलो. पाणी ओतण्याचा मोह टाळावा, तापलेले ड्रम तडकू शकतात.

पुढे एका आंधळ्या वळणावर समोरून एस.टी. आली. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियमच आहे, तेव्हा मागे जाणे माझ्याकडे आले. मागे जाणे म्हणजे चढाकडे, वळणातून, कॅम्पर ढकलत. ढकलला की दांडा आत जातो, दांडा आत गेला की ब्रेक लागतात. गाडी जागची हलेना, क्लचचा धूर निघाला, माझ्या पतींनी मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" चालवले होते आणि येत काहीच नव्हते. अखेर एस.टी.चा चालक उतरला, दांडा पाहून म्हणाला, "ताई, आधी जरा पुढं घ्या, दांडा बाहेर येऊ दे." मग त्याने दांडा आत जाऊ नये म्हणून फटीत लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवला. "आता चाक उलटं फिरवा. मागचं डावीकडं जायला पाहिजे तर तुम्ही उजवीकडं." चार प्रयत्नांत चाळीस मीटर गेलो. एस.टी. गेली, प्रवाशांनी हात हलवले, मीही हलवला.

आणि लाकडाचा तुकडा तसाच राहिला. तो काढेपर्यंत दांडा आत जाणार नाही, म्हणजे कॅम्परला ब्रेकच नाहीत, हे मला पुढच्या वळणावर कळले, जेव्हा पेडल दाबूनही मागून कोणीतरी खांद्याने रेटावे तशी गाडी पुढे जात राहिली. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाके घालून थांबले. इजा कोणाला झाली नाही. माझे हात पुढचा तासभर थरथरत होते. मागे घेताना ब्रेक बंद ठेवण्यासाठी दांड्यावर एक छोटी खीळ असते. ती आमच्याही कॅम्परला होती, वर्कशॉपने दाखवली नव्हती एवढेच. ताबा घेताना ती विचारून, स्वतः लावून-काढून पाहावी, आणि लावली की किल्लीच्या जुडग्याला लाल चिंधी बांधावी. ताम्हिणीने धक्क्याच्या ब्रेकचा, एक टनावरचा कॅम्पर घेऊन कोणीही उतरू नये. मुंबईहून दिवेआगरला जायचे तर पेण, कोलाड, माणगाव हा सरळ मार्ग आहे. खोपोलीकडून येणाऱ्यांना पाली-वाकणवरून महामार्गाला लागता येते.

निजामपूर, माणगाव, साई, म्हसळा करत दिवेआगरला पोहोचलो. तिथले दोन दिवस छान गेले. समुद्र जागेवर होता, उकडीचे मोदक मिळाले.

परतीच्या वाटेवर एका टोलनाक्यावर, ज्याचे नाव देत नाही, सेन्सरने गाडीचे दोन आणि कॅम्परचा एक असे तीन ॲक्सल मोजले आणि फास्टॅगमधून तीन ॲक्सलच्या मालवाहू वाहनाचे पैसे कापले गेले. हा फरक किरकोळ नसतो: द्रुतगती मार्गावर, जिथे मला असा त्रास झाला नाही, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरांत कारला ३२० रुपये आणि तीन ॲक्सलच्या वाहनाला १,६३० रुपये होते. "मागे कॅम्पर आहे," असे मी सांगितल्यावर खिडकीतल्या माणसाने गाडीकडे पाहून "कॅम्पर तर बोलेरोचा असतो, ही बोलेरो कुठंय?" असे विचारले (बोलेरो कॅम्पर हे एका पिकअपचेच नाव आहे), आणि तो बोलला माझ्या पतींशी, मी चालकाच्या जागेवर बसलेली असताना. मागे हॉर्न वाजू लागल्यामुळे पुढे निघालो. राष्ट्रीय महामार्गावर असे झाले तर तिथेच १०३३ वर तक्रार नोंदवावी, नोंदणीपत्रासह मागून-पुढून फोटो काढून ठेवावेत, आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे त्याच दिवशी दावा लावावा. माझा दावा अजून "प्रक्रियेत" आहे.

गाडीचा खर्च असा: एकटी गाडी मुंबईत लिटरला अकरा, कॅम्परसह संपूर्ण प्रवासात साडेसात. वाडीवर कॅम्पर सोडल्यावर पनवेलच्या मेकॅनिकने ड्रम उघडून ब्रेकचे शू काढून दाखवले. ते काचेसारखे गुळगुळीत आणि कडेला निळसर झाले होते. त्याने ते फडक्यात बांधून माझ्या हातात दिले आणि सांगितले, "हे वर्कशॉपवाल्याला दाखवा." ते सध्या गाडीच्या हौद्यात आहेत.