खालची आग कुणी लावली?

वणवा चढाला पळतो, हे साताऱ्याकडच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून जाळरेषेच्या, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या, खालच्या अंगाला आपण जरा निर्धास्त असतो. उत्तराखंडातल्या कुमाऊँमधल्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात मात्र तसं नसतं.

माझं काम डोक्याला सोपं, पायांना अवघड. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके येतात. एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटर लांबी-रुंदीचा तुकडा. त्यात काय जळलं, कशामुळे पेटलं, हे जागेवर जाऊन लिहायचं.

मे महिना होता. अल्मोडा जिल्ह्यातल्या एका वनपंचायतीच्या, म्हणजे गावानेच सांभाळायच्या, जंगलात उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीत ठिपका दिसला होता. मी पोचलो तोवर गावातल्या बायकांनी आणि वनखात्याच्या चौकीदाराने आग पायवाटेशी रोखून धरली होती. वाटेवरचं पिरूल झाडून काढलं होतं. पिरूल म्हणजे चिडाच्या वाळलेल्या सुया. उन्हाळाभर त्यांचा थर साचतो, त्यावरून पाय घसरतो, आणि राळ असल्याने तो भसकन पेटतो. वर धूर, खाली हिरवी झाडं. मी जीपीएसवर जळक्या भागाची कड चालत नोंदवत होतो.

दुपारी वारा उठला. वरून बायका ओरडल्या, "दाज्यू, ठीटा! ठीटा!"

चौकीदार उतारावर पळत सुटला. मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं: ठीटा म्हणजे चिडाचा शंकू, पुस्तकातला 'पाइन कोन', पेटलेला, उड्या घेत खाली येत होता. एका दगडावर आपटला, ठिणग्या उडाल्या, पायवाट सहज ओलांडून पार गेला. त्याच्यामागे आणखी एक.

चिडाचा शंकू पिकायला दोन वर्षं घेतो. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे खवले उघडतात, पंख असलेलं बी वाऱ्यावर जातं आणि रिकामं टरफल नंतर गळून पडतं. उघड्या खवल्यांमधून हवा खेळते, लाकडात राळ असते. त्यामुळे एकदा पेटला की सहसा विझत नाही. वर आकार गोलसर. उभ्या उतारावर याहून वाईट वस्तू सुचणार नाही. गावात हेच ठीटे थंडीत शेकोटीला गोळा करतात, ही गोष्ट वेगळी.

पहिला ठीटा एका बाईने हिरव्या फांदीने झोडपून विझवला. दुसरा खालच्या नाळीत गेला. तिथं पिरूल गुडघाभर होतं. आम्ही पोचेपर्यंत आग नाळीतून दोन्ही अंगांना पसरली होती. संध्याकाळपर्यंत सगळे तिथंच राबत होतो. माझं जीपीएस कुठल्याशा झाडाखाली पडून होतं.

दुसऱ्या दिवशी नकाशावर दोन ठिपके आले, मध्ये हिरवा पट्टा. कार्यालयातून फोन: "वरची आग विझत आलेली होती ना? मग खालची कुणी लावली?"

प्रश्न चुकीचा नव्हता. इथल्या बहुतेक वणव्यांचं मूळ माणूसच असतो, आणि सुट्या ठिपक्याचा अर्थ बहुधा नवी काडी असाच लावला जातो. पण ती काडी कुणाच्या नावावर जाते? जे तिथं हजर होते त्यांच्या. म्हणजे त्या दिवशी भाजलेल्या हातांनी फांद्या झोडणाऱ्या बायकांच्या.

मी म्हणालो, "कुणी नाही लावली. ठीटा घरंगळला."

"पायवाट ओलांडून?"

"माझ्यासमोर."

फॉर्मवर कारणासाठी तीनच पर्याय होते: हेतुपुरस्सर, अपघाताने, अज्ञात. एकही बसेना. शेरा लिहायच्या जागेत उताराची दिशा, वाटेची रुंदी, नाळीत सापडलेला जळका शंकू, सगळं लिहिलं आणि फोटो जोडले. दोन्ही ठिपके एकाच आगीचे धरावेत, असंही लिहिलं.

तसे ते धरले गेले. सरपंचबाईंना कळवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अगली बार ऊपर के ठीटे पहले बीन लेंगे."