नुसतं अंग मोडून येतं

संध्याकाळ झाली की अंग कसकसतं. ताप म्हणावा असा नाही, पण चुलीपुढून उठवतही नाही. सकाळी बरी असते, कापसाच्या वेचणीला जाते. दुपार ढळली की पुन्हा तेच. घरात सांगावं इतकं मोठं नाही आणि न सांगता राहवत नाही.

आज ह्यांनी बैलासाठी ढोरांच्या डॉक्टरला फोन लावला. "सकाळपासून कुटाराले तोंड लावलं नाही साहेब. रवंथबी करून नाही राह्यला." एवढंच. तासाभरात डॉक्टर दारात. ताप पाहिला, सुई टोचली, जुंपू नका म्हणून बजावलं. 2022 ला लम्पी आला तेव्हापासून गावात बैलाच्या बाबतीत कुणी हयगय करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ओट्यावर बसून ते सगळं पाहताना माझा जीव उगाच भरून आला. किती दिवस झाले, जरा कळ काढता येत नाही का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

आशाताई, म्हणजे गावची आशा सेविका, ओरडते, पावसाळ्यानंतरचा ताप अंगावर काढायचा नाही. 2018 ला नागपूरकडे स्क्रब टायफसनं माणसं दगावली, तेव्हापासून तिचं हे चालूच आहे. गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, चावल्याजागी काळी खपली धरते, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं पाहायचं. वेळेत कळलं तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांवर भागतं.

म्हणून काल रात्री मोरीत मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. आता वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगावर खपली शोधायची म्हणजे! वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा फाटलेल्या, मनगटांवर ओरखडे, पोटऱ्यांवर तर विचारू नका. गुडघ्यामागं एक काळपट दिसली. नखानं उचलली तर खाली लालभडक रक्त, साधा काटाच असावा. आणि खरं सांगते, क्षणभर वाईट वाटलं. ती असती तर दाखवायला काही तरी असतं. हे बघा, म्हणता आलं असतं. खपली सगळ्यांनाच येते असंही नाही, हे आशाताईच सांगते. पण नसलेली खपली कुणाला दाखवणार?

मागं एकदा दवाखान्यात लवकर गेले, तर "काही नाही काकू, आराम करा." वेचणीत आराम! नंतर एकदा थांबून गेले, तर "इतके दिवस काय करत होतात?" मधला नेमका दिवस कोणता, ते कुणी सांगत नाही. पैशाचंही निमित्त उरलं नाही, ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही काही लागत नाही. राहिला तो शेतातला कापूस. बाया मिळत नाहीत, बोंडं फुटून लोंबतायत, वरून आभाळ. खरं तर कापूसही निमित्तच. कुणीतरी "जाय, दाखवून ये" म्हणावं, एवढ्याचीच वाट पाहत असते मी. आईचंही असंच... जाऊ दे, ते आज नको.

रात्री ताटावरून तशीच उठले, तर हे म्हणाले, "तुले काय झालं?"

"रवंथ होऊन नाही राह्यला."

दोन मिनिटं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टरले फोन लावू का?"

"कोणत्या?"

आई आतून विचारत होती काय झालं एवढं हसायला.

आशाताईला निरोप गेलाच होता, ती येऊन बोट टोचून गेली. किटवर एकच रेघ आली, म्हणजे मलेरिया नाही. तरी पीएचसीत जाऊन रक्त दे म्हणाली. ह्यांना उद्या कापसाच्या नोंदणीचं पाहायला तालुक्याला जायचंच आहे, वाटेत मला उतरवून देतील. येताना ऑटोनं ये म्हणाले. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

डॉक्टर विचारतीलच, कधीपासून? तारीख काही आठवत नाही. चकलीचा पहिला घाणा कढईत होता आणि जाळापुढं बसून मला थंडी वाजली होती, एवढं सांगता येईल.